मंद वारा आणि ओढणारा पतंग

संक्रांतीच्या दिवसांत गच्चीवर पतंग उडविताना तुम्ही एक गोष्ट नेहमी करता. वारा पडला आणि पतंग डुलत खाली येऊ लागला की तुम्ही दोन्ही हातांनी भराभर दोरा ओढता. पतंग लगेच सावरतो आणि वर चढतो. वारा तर वाढलेला नसतो. मग पतंगाला वर चढण्यास लागणारे बल आले कोठून? या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट समजले, त्याला या लेखातील निम्मा भाग समजला असे म्हणण्यास हरकत नाही.

या लेखाचे निमित्त मात्र संक्रांतीचे नाही. आमच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे शिकावयास गेलेल्या एका विद्यार्थ्याचे मला पत्र आले. (आता पत्र म्हणजे ई-मेल!) त्याने लिहिले होते, "सर, येथे समुद्रकिनाऱ्यावर लोक तीन चाकांच्या लहान गाडीत बसतात आणि मोठ्या पतंगाच्या ओढीने वाळूवरून धावतात. मलाही ते शिकावयाचे आहे. जुनी गाडी एका मित्राने दिली आहे. पतंग मात्र विकत घ्यावा लागेल आणि माझ्याजवळ पैसे थोडे आहेत. बहुतेक दिवशी दुपारी वारा मंद असतो. दहा चौरस मीटरचा एक जुना पतंग स्वस्तात मिळतो आहे. मंद वाऱ्याला मोठा पतंग चांगला असे विकणारा म्हणतो. घेऊ का?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात पदार्थविज्ञानाची तीन-चार प्रकरणे दडलेली आहेत. शिवाय चुकीचे उत्तर दिले तर नुसते पैसे वाया जात नाहीत, हातपायही मोडू शकतात. म्हणून मी त्याला सविस्तर उत्तर लिहिले. तेच येथे तुमच्यासाठी देत आहे.

पतंगाने गाडी ओढण्याची जुनी हौस

पतंगाच्या ओढीचा उपयोग करण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात जॉर्ज पोकॉक नावाचे एक शाळामास्तर होते. एका दोरीवर दोन पतंग लावून त्यांच्या ओढीने माणसे बसलेली गाडी चालविण्याचे एकस्व त्यांनी १८२६ मध्ये घेतले आणि पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तकही लिहिले. त्या काळी रस्त्यावरील नाक्यावर गाडीला किती घोडे जोडले आहेत ते पाहून कर घेत. पोकॉक यांच्या गाडीला घोडाच नसल्यामुळे कर कशावर घ्यावा असा पेच नाकेदाराला पडे, असे सांगतात. क्रिकेटची आवड असणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे: प्रख्यात क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस हे या पोकॉक यांच्या मुलीचे चिरंजीव.

१९०३ मध्ये सॅम्युअल कोडी यांनी पतंगाने ओढलेल्या लहान नावेतून इंग्लिश खाडी ओलांडली. परंतु आजच्या ओढपतंगाचे खरे बीज १९६० च्या दशकातील आहे. डोमिना जालबर्ट यांनी काड्या नसलेला, नुसत्या कापडाचा पतंग तयार केला. त्यात कापडाचे दोन थर असतात व त्यांच्यामध्ये उभे पडदे शिवून कप्पे केलेले असतात. कप्प्यांची तोंडे पुढच्या बाजूने उघडी असतात. वारा आत शिरला की कप्पे फुगतात आणि कापडालाच विमानाच्या पंखासारखा आकार येतो. काड्या नाहीत, म्हणून घडी घालून पिशवीत ठेवता येतो. पुढे १९९० च्या सुमारास ख्राइस्टचर्चजवळच्या अ‍ॅशबर्टन गावातील पीटर लिन यांनी तीनचाकी बग्गी लोकप्रिय केली. म्हणजे आमचा विद्यार्थी या खेळाच्या माहेरीच जाऊन पोहोचला होता!

ओढ किती? वेगाच्या वर्गाइतकी

पतंगावर वाऱ्यामुळे पडणारे बल ढोबळमानाने पुढील सूत्राने काढता येते:

बल = ½ × हवेची घनता × (वाऱ्याचा वेग)² × पतंगाचे क्षेत्रफळ × गुणांक

गुणांक हा पतंगाचा आकार आणि तो वाऱ्याशी करीत असलेला कोन यांवर अवलंबून असतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून आपण तो १ धरू. समुद्रसपाटीला हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.२ किलोग्रॅम असते. म्हणून पतंगाच्या दर चौरस मीटरवर पडणारे बल ०.६ × (वेग)² न्यूटन इतके होते. वेग दर सेकंदाला मीटरमध्ये घेतला तर,

वेग २ मी./से. : बल २.४ न्यूटन
वेग ४ मी./से. : बल ९.६ न्यूटन
वेग ६ मी./से. : बल २१.६ न्यूटन
वेग ८ मी./से. : बल ३८.४ न्यूटन

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बल चौपट होते. हे कोष्टक नीट पाहून ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

वेग मोजण्याचे उपकरण जवळ नसेल तर बोफर्ट मापश्रेणीचा आधार घ्यावा. चेहऱ्याला वारा जाणवतो व पाने सळसळतात तेव्हा वेग सुमारे २ ते ३ मी./से. असतो. पाने व बारीक डहाळ्या सतत हलत असतील आणि हलका झेंडा फडकत असेल तर वेग साडेतीन ते साडेपाच मी./से. असतो. धूळ व कागदाचे कपटे उडू लागले की वेग साडेपाचच्या पुढे गेला असे समजावे. आमच्या विद्यार्थ्याने वर्णन केलेला वारा "झेंडा फडकतो, धूळ उडत नाही" असा होता. म्हणून आपण तो ४ मी./से. धरू.

या वाऱ्यात ५ चौ. मी. चा पतंग आकाशात एका जागी स्थिर राहिला तर ओढ ९.६ × ५ = ४८ न्यूटन; म्हणजे हाताला सुमारे पाच किलोची पिशवी धरल्यासारखे वाटेल. १० चौ. मी. चा पतंग ९६ न्यूटन ओढील. येथपर्यंत विकणाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे: मोठ्या पतंगाची ओढ मोठी. पण हिशेब येथे संपत नाही.

गाडीला किती ओढ हवी?

मी विद्यार्थ्याला उलट प्रश्न केला, "तुमच्या किनाऱ्यावरची वाळू कशी आहे?" पतंगाच्या प्रश्नात वाळू कोठून आली, असे त्याला वाटले असेल. पण पतंगाने कोणता विरोध जिंकावयाचा आहे ते कळल्याशिवाय पतंग निवडता येत नाही.

समजा, माणसाचे वस्तुमान ६० किलोग्रॅम आणि गाडीचे २० किलोग्रॅम आहे. एकूण वजन सुमारे ८०० न्यूटन झाले. चाके फिरताना होणारा विरोध हा या वजनाचा काही अंश असतो. घट्ट, ओल्या वाळूवर तो अंश ०.०५ आणि भुसभुशीत कोरड्या वाळूवर ०.२ धरू. मग,

घट्ट वाळूवर विरोध : ८०० × ०.०५ = ४० न्यूटन
भुसभुशीत वाळूवर विरोध : ८०० × ०.२ = १६० न्यूटन

आता आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. पतंग ज्या दिशेने ओढतो त्याच दिशेने गाडी जात नाही. वाऱ्याला आडवे जाताना दोरी आणि गाडीचा मार्ग यांत कोन असतो. तो ४५ अंश धरला तर ओढीचा सुमारे ०.७ भागच गाडीला पुढे नेतो. राहिलेला भाग गाडीला बाजूला खेचतो व तो चाकांच्या घर्षणाने पेलला जातो.

म्हणजे स्थिर असलेला ५ चौ. मी. चा पतंग गाडीला ४८ × ०.७ = ३४ न्यूटन देतो. घट्ट वाळूवरही एवढे पुरत नाही. १० चौ. मी. चा पतंग ६७ न्यूटन देतो. तो घट्ट वाळूवर गाडी हलवील, पण भुसभुशीत वाळूवर तोही हात टेकील.

यातून पहिला धडा मिळतो. भुसभुशीत वाळू सोडून घट्ट वाळूवर गेलो तर लागणारी ओढ एक चतुर्थांश होते. हाच लाभ पतंग वाढवून मिळवावयाचा तर क्षेत्रफळ चौपट करावे लागेल, आणि कापडाला पैसे पडतात. घट्ट वाळूला काय पडते? ओहोटी लागली की पाणी मागे हटते व खालची ओली, सपाट वाळू उघडी होते. कोकणातल्या मुलांना हे सांगावयास नको. त्यांचे क्रिकेट त्याच वाळूवर चालते. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून किनाऱ्यावर जाणे, ही मंद वाऱ्यातील सर्वांत स्वस्त युक्ती होय.

ठुमक्याचे रहस्य

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. तुम्ही दोरा ओढता तेव्हा पतंग हवेतून पुढे सरकतो. पतंगाला वाऱ्याचा जमिनीसापेक्ष वेग कळत नाही. त्याला स्वतःसापेक्ष हवेचा वेग तेवढा कळतो. वारा पडला असला तरी तुम्ही पतंगच हालविलात, त्यामुळे त्याच्यापुरता वारा वाढला. ठुमका म्हणजे पतंगासाठी तुम्ही निर्माण केलेला वारा!

ओढपतंगाला दोन किंवा चार दोऱ्या असतात. डावी-उजवी दोरी कमी-जास्त ओढून तो हवा तेथे वळविता येतो. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलात तर तुमच्या समोर पाव गोलाच्या आकाराचे एक उड्डाणक्षेत्र असते. त्याच्या कडेला, म्हणजे अगदी डोक्यावर किंवा अगदी डाव्या-उजव्या बाजूला, पतंग जवळजवळ स्थिर राहतो व कमी ओढतो. मध्यभागातून तो वेगाने आडवा जातो आणि तेव्हा त्याची ओढ फार वाढते.

किती वाढते? समजा, वारा ४ मी./से. आहे आणि पतंग वाऱ्याला काटकोनात ८ मी./से. वेगाने जात आहे. पायथागोरसच्या सिद्धांतावरून पतंगाला जाणवणाऱ्या वेगाचा वर्ग = ४² + ८² = ८०. दर चौरस मीटरवर बल ०.६ × ८० = ४८ न्यूटन. स्थिर असताना ते ९.६ न्यूटन होते. म्हणजे ओढ पाचपट झाली! आपला ५ चौ. मी. चा पतंग आता २४० न्यूटन ओढू लागला आणि त्यातील १६८ न्यूटन गाडीच्या वाट्याला आले. घट्ट वाळूवरील ४० न्यूटनांच्या मानाने हे कितीतरी जास्त आहे. म्हणूनच मंद वाऱ्यात बग्गी सुरू करताना कसलेला माणूस पतंगाला आकाशात आडव्या आठच्या आकड्यात फिरवीत राहतो.

आता मोठ्या पतंगाकडे पाहा. मोठ्या पतंगाला वळावयास जास्त जागा आणि जास्त वेळ लागतो. नवशिक्याच्या हातात तर तो वळणावरच रेंगाळतो. समजा, त्यामुळे त्याचा आडवा वेग ४ मी./से. एवढाच राहिला. मग वेगाचा वर्ग १६ + १६ = ३२ आणि दर चौ. मी. वर बल १९.२ न्यूटन. १० चौ. मी. वर एकूण १९२ न्यूटन. चपळ हलविलेल्या ५ चौ. मी. च्या पतंगाहून हे कमीच भरले! अर्थात कसलेल्या माणसाने मोठा पतंगही वेगाने चालविला तर त्याची ओढ जास्तच असेल. पण कसब हे पतंगाबरोबर विकत मिळत नाही.

गाडी चालू झाल्यावरही हाच नियम लागू होतो. वाऱ्याच्या दिशेनेच सरळ पळालात तर गाडीचा वेग वाऱ्याच्या वेगातून वजा होतो. ४ मी./से. वाऱ्यात गाडी २ मी./से. वेगाने वाऱ्याबरोबर गेली तर पतंगाला २ मी./से. एवढाच वारा जाणवतो व ओढ एक चतुर्थांश होते. तीच गाडी वाऱ्याला आडवी ४ मी./से. वेगाने गेली तर वेगाचा वर्ग ३२ होतो, म्हणजे ओढ दुप्पट. मंद वाऱ्यात आडवे जावे, ते यासाठी.

मोठा पतंग मंद वाऱ्यात तरंगतो काय?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते की, मोठा पतंग म्हणजे कमी वाऱ्यातही वर राहणारा पतंग. हे खरे नाही. पतंग वर राहण्यासाठी हवेच्या बलाने त्याचे वजन पेलले पाहिजे. दोन्ही बाजू दर चौरस मीटरला मोजल्या तर असे दिसते की, महत्त्व क्षेत्रफळाला नाही. वजन भागिले क्षेत्रफळ या गुणोत्तराला आहे.

समजा, ५ चौ. मी. च्या पतंगाचे वस्तुमान १ किलोग्रॅम आहे. वजन सुमारे १० न्यूटन, म्हणजे दर चौ. मी. ला २ न्यूटन. ०.६ × (वेग)² = २ या समीकरणावरून वेग सुमारे १.८ मी./से. मिळतो. याहून कमी वाऱ्यात तो स्थिर राहू शकणार नाही. त्याच कापडाचा १० चौ. मी. चा पतंग २ किलोग्रॅम भरेल. त्याचेही दर चौ. मी. ला वजन २ न्यूटनच! म्हणून तोही त्याच वाऱ्यात खाली येईल. दोऱ्यांचे वजन आपण येथे सोडून दिले आहे.

मंद वाऱ्यासाठी पतंग निवडताना म्हणून पहिला प्रश्न "केवढा?" हा नसून "दर चौरस मीटरला किती वजनाचा?" हा आहे.

प्रकार कोणते, स्वस्त कोणता?

बाजारात मिळणाऱ्या ओढपतंगांचे चार ढोबळ गट करता येतात.

पहिला गट उघड्या तोंडाच्या कप्प्यांचा. हाच जालबर्ट यांचा वंश. बनावट साधी, वजन कमी, दुरुस्ती घरच्या शिवणयंत्रावरही होते. यात रुंदीच्या मानाने लांबी बेताची असलेले आखूड पतंग आणि फार लांबट पतंग असे दोन प्रकार येतात. लांबट पतंग हवेचा रोध कमी करतो व जास्त वेगाने धावतो. पण त्यात कप्पे जास्त, शिवण जास्त, म्हणून किंमतही जास्त. आणि वारा थांबता-थांबता आला की तो मिटून गुंडाळला जातो. आखूड पतंग थोडा संथ, पण समजूतदार असतो.

दुसरा गट बंद कप्प्यांचा. यात हवा शिरते पण सहज बाहेर पडत नाही. पतंग पाण्यात पडला तरी फुगलेला राहतो आणि चालू असताना ओढ कमी-जास्त करता येते. सोय चांगली, पण किंमत जास्त.

तिसरा गट पंपाने हवा भरलेल्या नळ्यांचा. फ्रान्समधील ब्रूनो व डॉमिनिक लेगेन्यू या बंधूंनी १९८४ मध्ये याचे एकस्व घेतले. समुद्रात फळीवर उभे राहून खेळणाऱ्यांना तो उत्तम, कारण पाण्यातून पुन्हा उडविता येतो. वाळूवर मात्र त्या गुणाचा उपयोग नाही, आणि नळ्यांचे वजन मंद वाऱ्यात नडते.

चौथा गट एकाच थराच्या कापडाचा. फ्रान्सिस रोगॅलो व त्यांच्या पत्नी गरट्रूड यांनी १९४८ मध्ये काड्या नसलेला असा पंख केला. पहिला नमुना गरट्रूडबाईंनी स्वयंपाकघरातील पडद्याच्या कापडातून शिवला होता. पुढे १९६० च्या दशकात अवकाशयान जमिनीवर उतरविण्यासाठी नासाने या कल्पनेच्या चाचण्या घेतल्या. यान उतरविण्याचे काम शेवटी हवाई छत्रीकडेच गेले, पण त्या चाचण्यांतील आराखड्यांवरून हौशी लोक आजही घरी ओढपतंग शिवतात. कापड एकच थर, म्हणून वजन व खर्च दोन्ही कमी. वजन निम्मे झाले तर आपल्या समीकरणावरून किमान वेग १.८ ऐवजी १.३ मी./से. येतो. दोष असा की, रोध जास्त असल्यामुळे तो आडवा फार वेगाने धावत नाही आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला चढत जाणे त्याला जड जाते.

वारा वाढला तर?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वारा मंद आहे म्हणून मोठा पतंग घेतला आणि मैदानात असतानाच वारा ४ वरून ८ मी./से. झाला तर काय होईल?

१० चौ. मी. चा पतंग डोक्यावर स्थिर असेल तर ओढ ३८४ न्यूटन. विद्यार्थ्याचे स्वतःचे वजन ६०० न्यूटन. पण भांबावून त्याने पतंग मध्यभागातून १६ मी./से. वेगाने जाऊ दिला तर वेगाचा वर्ग ६४ + २५६ = ३२० आणि ओढ ०.६ × ३२० × १० = १,९२० न्यूटन! वजनाच्या तिपटीहून जास्त. असा माणूस जमिनीवर राहत नाही. ५ चौ. मी. च्या पतंगाची स्थिर ओढ १९२ न्यूटन असेल. ती आवरून तो खाली घेता येतो. मध्यभागातून गेला तर तोही ९६० न्यूटन ओढील, म्हणून ८ मी./से. वाऱ्यात नवशिक्याने तोही उडवू नये. पण दोघांतील फरक हा घसरण्याचा आणि उचलले जाण्याचा फरक आहे.

ख्राइस्टचर्चच्या बाबतीत ही भीती पुस्तकी नाही. तेथे उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून पूर्वेचा वारा येतो, तो बराचसा सौम्य असतो. पण दक्षिणेकडून थंड हवेची आघाडी आली की वाऱ्याची दिशा व जोर दोन्ही अचानक बदलतात. वायव्येचा डोंगरावरून उतरणारा उष्ण वाराही जोरदार असतो.

येथे एक उलट हिशेब करून पाहण्यासारखा आहे. १० चौ. मी. चा पतंग ४ मी./से. वाऱ्यात जी ९६ न्यूटन ओढ देतो, तीच ओढ ५ चौ. मी. चा पतंग किती वाऱ्यात देईल? ०.६ × (वेग)² × ५ = ९६; म्हणून वेग सुमारे ५.७ मी./से. म्हणजे वारा अवघा १.७ मी./से. ने वाढला की लहान पतंग मोठ्याचे काम करतो. तेवढा वारा वाढण्याची वाट पाहणे फुकट आहे. वाढलेला वारा कमी करणे मात्र कोणाच्याच हाती नाही.

जुना पतंग कसा तपासावा?

थोड्या पैशात घ्यावयाचा म्हणजे बहुधा वापरलेलाच पतंग घ्यावा लागतो. त्यासाठी उपकरणे लागत नाहीत.

कापड ओठांना घट्ट लावून त्यातून फुंकर मारावी. हवा आरपार जात असेल तर लेप गेला आहे. अशा कापडाचे कप्पे नीट फुगत नाहीत आणि मंद वाऱ्यात पतंग निरुपयोगी ठरतो.

पतंग उन्हाकडे धरून बारीक छिद्रे पाहावीत. रंग फार विटला असेल तर उन्हाने धागा कमकुवत झाला असण्याचा संभव आहे. शिवणीजवळ कापड हलके ताणून पाहावे.

आपल्या पतंगाला जसे मंगळसूत्र बांधतो तसे ओढपतंगाला खालून दोऱ्यांचे जाळे असते. डाव्या-उजव्या जोड्या एकत्र धरून ताणाव्यात. लांबी सारखी भरली पाहिजे. हातातल्या मुख्य दोऱ्याही अशाच तपासाव्यात. एक दोरी थोडी जरी ताणली गेली असेल तर पतंग एका अंगाला ओढत राहतो.

शेवटी, हात सोडताच पतंगाची ताकद जाऊन तो खाली यावा यासाठी चार दोऱ्यांच्या पतंगाला मनगटपट्टे जोडलेले असतात. ते नसतील तर पतंग फुकट मिळाला तरी उडवू नये.

मी काय सल्ला दिला?

मी लिहिले: दहाचा घेऊ नकोस. सुमारे ५ चौ. मी. चा, उघड्या कप्प्यांचा, आखूड घडणीचा, चार दोऱ्यांचा वापरलेला पतंग पाहा. दर चौ. मी. ला वजन विचार, फुंकर मारून पाहा. ओहोटीच्या वेळी घट्ट वाळूवर जा. पहिले काही दिवस गाडीत न बसता नुसता उभा राहून आडवा आठ काढावयास शीक, आणि तेही जाणत्या माणसाबरोबर. डोक्याला शिरस्त्राण असू दे. वाऱ्याच्या बाजूला पुढे माणसे, दगड, विजेच्या तारा नसाव्यात. स्वतःला पतंगाशी कधीही बांधून घेऊ नकोस. आणि दर थोड्या वेळाने दक्षिणेचे आकाश पाहात जा.

दीड महिन्याने त्याचे उत्तर आले. पहिल्या चार दिवसांत पतंग जास्त वेळ वाळूतच होता, असे त्याने प्रांजळपणे लिहिले होते. पाचव्या दिवशी गाडी दोनशे पावले गेली. पुढे त्याने लिहिले, "सर, परवा मजा चालली असतानाच दक्षिणेकडे काळी पट्टी दिसली. मी पतंग उतरवून घडी घालीत होतो तोच वारा फिरला. पिशवीसुद्धा धरवेना. तेव्हा तुमचे १,९२० न्यूटन आठवले."

पदार्थविज्ञानाच्या उदाहरणातील आकडा कोणाला वेळेवर आठवला, याहून शिक्षकाला दुसरे काय हवे?

करून पाहा

माणसाला ओढणारा पतंग घरी करून पाहू नका. पण आपल्या संक्रांतीच्या पतंगावर हेच नियम निर्धोकपणे पडताळता येतात. मांजा न वापरता साधा सुती दोरा घ्या व मोकळ्या मैदानात जा.

१. पतंगाचे वजन करा, क्षेत्रफळ मोजा आणि दर चौ. मी. ला वजन काढा. त्यावरून त्याला किमान किती वारा लागेल ते काढा व प्रत्यक्षाशी ताडून पाहा.

२. दोऱ्याला लहान तणावकाटा बांधा. पतंग स्थिर असताना आणि तो गोते खात असताना काट्यावरील आकडे लिहून घ्या. फरकाचे कारण सांगा.

स्वाध्याय

१. ३ मी./से. वाऱ्यात ५ चौ. मी. च्या स्थिर पतंगाची ओढ किती? (गुणांक १ धरा.)

२. ६ चौ. मी. च्या पतंगाचे वस्तुमान १.५ किलोग्रॅम आहे. तो वर राहण्यास किमान किती वारा हवा?

३. वाऱ्याच्या दिशेनेच सरळ जाणारी पतंगगाडी, पतंग स्थिर ठेवून, वाऱ्यापेक्षा जास्त वेगाने जाऊ शकेल काय? कारण द्या.

(उत्तरे : १. २७ न्यूटन. २. सुमारे २ मी./से. ३. नाही, गाडीचा वेग वाऱ्याइतका होताच पतंगाला जाणवणारा वारा शून्य होईल.)